तेविसाव्या कमानीचं नाक

चौक म्हणावा, तर कोपरा एकही नाही.
पहिल्याच सकाळी टेप कुठून धरायची
यावरून माझं आणि पोशेट्टीचं वाजलं.
मी नकाशा उलगडून बसले.
त्याने एका खांबाशी डावी चप्पल काढून ठेवली,
म्हणाला, इथून. फिरून चपलेशी आलो की संपलं.

सात महिने ती चप्पल आमचा शून्य मैल.
(खरा शून्य समोर, चर्चच्या दारात.
तिथून साहेबलोक मैल मोजत जायचे;
त्यांचे दगड अजून निघतात फुटपाथ खणताना,
गळ्यापर्यंत गाडलेले, आकडा तेवढा वर.)

दुपारी मी टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून वही भरायची.
आधी इथे गवत. मग गवतावर कापूस,
माणसांपेक्षा उंच गासड्या,
आणि वडाखाली उभे राहून
कागदाचे भाव ओरडणारे घसे.
सातासमुद्रापार कुणाचं तरी युद्ध पेटलं,
इथली उपरणी रेशमी झाली.
युद्ध थांबलं,
इथली घरं बुडाली.
तह झाला म्हणून रडलेलं
दुसरं गाव मला ठाऊक नाही.

त्याच तेजीच्या दिवसांत उठल्या या गोल इमारती.
पोरबंदरी दगड, खाली सावलीची ओसरी,
दर कमानीच्या माथ्यावर एक चेहरा,
दाढीवाला, जटावाला, कुणी चिडका, कुणी झोपाळू.
नाव कुणालाच नाही.
चौकाला मात्र तीन : आधी हिरवळीचं, मग गव्हर्नराचं,
मग सरकारने बोटीत घालून हद्दपार केलेल्या
एका संपादकाचं.
टॅक्सीवाले तिन्ही विसरतात. बँकेचं नाव सांगा, म्हणतात.

पोशेट्टी बिटला, वय एकसष्ट.
आजोबांचे आजोबा निजामाबादेकडून आले, डोक्यावर छिन्नी-हातोड्याची पाटी.
"कामाठीपुरा आमचा, ताई. आमच्याच नावाचा.
पण पत्ता सांगितला की लोक खालच्या मानेने हसतात."
एवढंच बोलला, आणि रंगाचा आठवा थर खरवडायला लागला.
कुठल्याशा विमा कंपनीचा पिवळा,
लढाईच्या काळातला काळपट,
त्याखाली चुना,
चुन्याखाली तेविसावा चेहरा.
नाक नाही.

समिती आली. तिघेजण, एक छत्री.
मूळ नाक कसं होतं? फोटो आहे?
नाही.
मग तसंच ठेवा. इतिहास आहे तो.
पोशेट्टी परांचीवरून खाली न बघता म्हणाला,
इतिहास नाय साहेब, क्रिकेटचा बॉल असेल.

दिवाळीची सुट्टी लागली. ओसरीत फक्त कबुतरं.
चौथ्या दिवशी मी आले तेव्हा
नाक जागेवर होतं.
बुटकं. रुंद. उजव्या नाकपुडीवर
बारीकसा खड्डा, मुरणीचा.
दाढीच्या जंगलात ते असं बसलं होतं
जणू दीडशे वर्षं खालचा हिशोब हुंगतंय.

कुणाचं? मी विचारलं.
त्याने छिन्नी फडक्यात गुंडाळली.
राजव्वा. माझी आई.
या भागात चुना वाहिला तिने, कुठल्या इमारतीचा ते तिलाच माहीत.
आता तीही नाही, कुणाला विचारणार?

अहवालात मी लिहिलं : नाक, एक नग, मूळाबरहुकूम.
सही केली. हात थरथरला नाही,
याचं मला आजही थोडं नवल वाटतं.

मोजमाप संपलं त्या दिवशी आम्ही खरंच चपलेपाशी आलो.
टेप चार बोटं कमी पडली.
पोशेट्टीने ती चप्पल पायात सरकवली, अंगठा तुटलेला,
आणि व्हीटीकडे चालू लागला.
चार बोटांचं काय करायचं
ते अजून वहीत तसंच आहे, पेन्सिलीने.